बिमार तास

नोकरीतली अकरा-बारा वर्षं मी रोगाची वाट पाहण्यात घालवली. नात्यातल्या एका लग्नात मी हे सहज बोलून गेले, तेव्हा शेजारच्या बाई खुर्ची जरा लांब सरकवून बसल्या. म्हणून आधी माझं काम काय होतं ते सांगते.

मी सोयाबीनची पैदासकार होते. पैदासकार म्हणजे नवे वाण तयार करणारी. सोयाबीनला पिवळा मोझॅक नावाचा विषाणूचा रोग होतो. पांढरी माशी म्हणून एक कीड आहे, टाचणीच्या डोक्याएवढीही नसते. ती आजारी झाडाचा रस पिते आणि उडून निरोगी झाडावर बसते. तेवढ्यानं काम होतं. आधी पानावर हळदीचे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके दिसतात, मग अख्खं झाड पिवळं पडतं आणि शेंगा पोचट राहतात. एकदा लागला की औषध नाही. फवारून माशी मारता येते, पण मरायच्या आत ती रोग देऊन गेलेली असते. तेव्हा एकच उपाय उरतो. माशी बसली तरी रोग चढणार नाही, असा गुण झाडाच्या रक्तातच आणायचा. ज्या झाडात तो गुण आहे त्याच्याशी आपल्या झाडाचा संकर करायचा आणि पुढच्या पिढ्यांतून हवी ती झाडं निवडत जायची.

आणि निवडायची कशी? रोग आला तरच कळणार, कोण पिवळं पडतं आणि कोण हिरवं राहतं. रोग आला नाही, तर सगळीच झाडं हिरवीगार आणि माझं वर्ष वाया.

१९९९ साली माझी बदली गोंदिया जिल्ह्यात झाली. आमगाव आणि सालेकसा यांच्यामधलं एक छोटं केंद्र. मी वाशीमकडची, सोयाबीनच्या मुलखातली. इथं आले तर जिकडे पाहावं तिकडे धानाच्या बांध्या आणि तलाव. मी साहेबांना विचारलं, "सर, इथे सोयाबीन पेरतो कोण?"

"कोणी नाही," साहेब म्हणाले. "पण तलावाच्या पाण्यावर उन्हाळी मूग होतो. तुमचा रोग त्या मुगावर वर्षभर मुक्कामाला असतो. तुम्हाला रोगच पाहिजे ना?"

केंद्रात बाकीचे चौघे धानाचे. चहाच्या वेळी लोंबी, तुडतुडे, पाण्याची पाळी हेच विषय. वाईट कोणीच नव्हतं, पण माझ्या पिकाबद्दल मी काही बोलले की सगळे लहान मुलाचं ऐकावं तसं ऐकून घेत आणि पुन्हा धानावर येत. माझं लग्न राहून गेलं होतं. आई दादा-वहिनीकडे वाशीमला. क्वार्टरमध्ये मी एकटी, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी रेल्वेची लाइन.

शेतावर मला मदतीला सुकवाराबाई होती. गोंड समाजाची, चाळिशीची, मोजकं बोलणारी. पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, "बाई, लोक रोगाले मारतेत. तुमी त्याले खाऊ घालून राहिल्या. काऊन जी?"

तिचं खरं होतं. आमच्या प्लॉटमध्ये दर चार ओळींनंतर एक ओळ मुद्दाम अशा वाणाची पेरायची, ज्याला हा रोग हमखास लागतो. ती ओळ माशीला रोग पुरवते आणि शेजारच्या ओळींची परीक्षा होते. विदर्भात पेरणीच्या ओळीला तास म्हणतात. कार्यालयाच्या कागदांवर त्या ओळीला इंग्रजी नाव होतं, सुकवाराबाई तिला 'बिमार तास' म्हणायची. पुढे मीही तेच म्हणू लागले. आमच्या प्लॉटमध्ये औषध फवारायला सक्त मनाई होती.

संकर करायचा तो ऑगस्टमध्ये, भर पावसाच्या दिवसांत, सकाळी उघडीप मिळेल तेव्हा. सोयाबीनचं फूल तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडंसं मोठं. उमलायच्या आदल्या दिवशीची कळी धरायची, चिमट्यानं पाकळ्या काढायच्या, आतले पुंकेसर काढायचे, आणि दुसऱ्या झाडाचं उमललेलं फूल आणून त्याचा पराग आतल्या केसाएवढ्या टोकावर घासायचा. मग त्या जागी रंगीत दोरा बांधायचा. मान मोडून येते, आणि एवढं करून बहुतेक कळ्या दोन दिवसांत गळून पडतात. सुकवाराबाईचा हात माझ्यापेक्षा हलका होता. तिच्या दोऱ्यांवर शेंगा जास्त धरायच्या, हे मी वहीत प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे.

माझी आई-झाडं पांढऱ्या फुलांची, चांगल्या उत्पन्नाच्या वाणाची. बाप मात्र रानटी. कुठल्यातरी दूरदेशातून संग्रहात आलेली एक वेल, जमिनीवर लोळणारी, मोहरीपेक्षा जरा मोठ्या काळ्या दाण्यांची, जांभळ्या फुलांची. शेंग वाळली रे वाळली की तडकन फुटून दाणे उडवून देणारी. पण पिवळा मोझॅक तिच्या वाटेला जात नव्हता. तेवढ्या एका गुणासाठी तिचे बाकीचे सगळे अवगुण पदरात घ्यायचे आणि पुढच्या पिढ्यांत एकेक करून काढत जायचे.

पुढच्या वर्षी त्या संकराची पहिली पिढी जांभळ्या फुलांची निघाली, म्हणजे संकर खरा होता. रोगानं मात्र ती सगळीच्या सगळी पिवळी केली. धानवाले हळहळले. मला आशा होती. काही गुण पहिल्या पिढीत दडून बसतात आणि दुसऱ्या पिढीत थोड्या झाडांमध्ये वर येतात. हाही तसाच असेल असा माझा अंदाज होता. पण ती दुसरी पिढी पेरली त्या वर्षी पावसानं उसंत दिली नाही, माशी धुऊन गेली, आणि बिमार तासही हिरवागार डोलत राहिला. येणारे-जाणारे म्हणायचे, "बाई, पीक झकास आहे." मी हसून मान हलवायची आणि क्वार्टरवर येऊन न जेवता झोपायची.

आता टेंभरेभाऊंबद्दल सांगते. आमच्या प्लॉटच्या पलीकडे, एक धुरा, म्हणजे बांध, ओलांडला की त्यांचं वावर. पोवार समाजातले, पन्नाशीचे, बोलायला रोखठोक. त्यांची धानाची जमीन खाली तलावाकडे होती, आणि हे वरचं वावर मुरमाड, तिथं पाणी ठरत नसे. मी आल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांनी धुऱ्यावर उभं राहून विचारलं, "हे पीक माह्या वावरात येईन का जी?"

गोंदिया जिल्ह्यात माझ्या पिकाबद्दल कोणीतरी आपणहून विचारत होतं! मी त्यांना बियाणं मिळवून दिलं, पेरताना स्वतः उभी राहिले. पहिल्या वर्षी रोग आमच्या प्लॉटपुरताच राहिला, दुसऱ्या वर्षी आलाच नाही; दोन्ही वर्षं त्यांचं पीक छान आलं. त्यांच्या पत्नी अनुसयावहिनी मला घरी बोलावू लागल्या. त्या पोवारीत बोलायच्या, मला अर्धं कळायचं, पण दोघींचं कधी अडलं नाही. हिवाळ्यात त्या पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी डब्यातून पाठवायच्या. लग्नकार्य असलं की आमंत्रण यायचं. रविवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर बसून मी कितीदा तरी डोळे मिटून पडले आहे. कोणाच्या घरात इतकं निवांत मी वाशीम सोडल्यापासून झोपले नव्हते.

२००२ सालच्या पावसाळ्यात पावसानं मधेच मोठी उघडीप दिली. ऊन तापलं आणि माशी आली. बिमार तासाचं पान हलवलं की पांढरी धूळ उडाल्यासारखी उडायची. आठ-दहा दिवसांत ठिपके दिसले, महिन्याभरात सगळा प्लॉट पिवळा झाला. मी रोज सकाळी एकेक ओळ चालत होते. चौथ्या दिवशी सुकवाराबाईनं हाक मारली, "बाई, इकडे पाहा जी. हे तं पिवळं पडलंच नाई."

पिवळ्याधमक ओळीत एक झाड हिरवं उभं होतं. मग दुसरं सापडलं. संध्याकाळपर्यंत सात झाली. मी बांबूच्या काड्या रोवून त्यांना लाल फडकी बांधली. सुकवाराबाई हसली. ती फारशी हसत नसे.

त्याच आठवड्यात टेंभरेभाऊंचं वावर पिवळं पडलं.

धुऱ्याकडून सुरुवात झाली होती. आमच्या बाजूच्या ओळी आधी, मग आत, मग सगळीकडे. त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्याइथून आलं का हे?"

मी म्हणाले, "भाऊ, माशी कुठूनही येते. मुगावरून येते, तणावरून येते."

"तसं नाई. तुमच्याइथून आलं का, ते सांगा."

"तसं सांगता येत नाही."

त्यांनी केंद्राकडे लेखी तक्रार केली. वरून माझा अहवाल मागवला गेला. मी काय पाहिलं होतं ते मला पुरतं ठाऊक होतं. रोग कोणत्या दिवशी कोणत्या बाजूनं पसरला याच्या नोंदी माझ्याच वहीत होत्या. ते मान्य केलं असतं तर प्लॉट ताबडतोब नांगरून टाकायचा हुकूम आला असता. सात झाडांच्या शेंगा अजून हिरव्या होत्या, दाणे भरायचे होते. तीन वर्षांचं काम त्या लाल फडक्यांखाली उभं होतं.

मी लिहिलं, 'उपलब्ध निरीक्षणांवरून सदर प्रादुर्भावाचा केंद्राच्या प्रक्षेत्राशी संबंध सिद्ध होत नाही.' या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. सिद्ध करायला जे प्रयोग लागतात ते कोणी केलेच नव्हते. मला मात्र माहीत होतं.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी ते वाक्य गावकऱ्यांसमोर वाचून दाखवलं. टेंभरेभाऊ माझ्याकडे पाहत होते. वाचून झाल्यावर ते "बरं" म्हणाले, टोपी घातली आणि निघून गेले.

दिवाळीला आईचा निरोप आला म्हणून मी तीन दिवस वाशीमला गेले. झाडं वाळायला अजून आठवडा आहे असा माझा हिशेब होता. पण त्या तीन दिवसांत ऊन कडक पडलं. परत आले ती थेट प्लॉटवर गेले. सातपैकी सहा झाडांच्या शेंगा पीळ पडून फुटल्या होत्या. रानटी बापाची खोड. जमिनीवर भेगा, पालापाचोळा, आणि दाणे कुठे उडाले कोण जाणे. मी तिथंच मातीत बसले.

सातव्या झाडाला मात्र जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून गाठी मारल्या होत्या.

सुकवाराबाई मागून आली. म्हणाली, "तडतड आवाज येऊन राह्यला होता. एक बांधलं, तेवढ्यात बाकी फुटले. माह्याजवर दुसरं फडकं नव्हतं जी."

त्या झाडाचे सगळे दाणे हाती लागले. बाकीच्यांचे आम्ही दोघींनी गुडघ्यांवर बसून दोन दिवस मातीतून वेचले. मुंग्यांनी नेले, पाखरांनी खाल्ले, त्यातून उरलेले अकरा. सुकवाराबाईच्या त्या फडक्यामुळे माझं पुढचं सगळं काम झालं. संशोधनाच्या लेखात तिचं नाव घालावं असं मी सुचवलं, तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "मजुरांची नावं घालायची पद्धत नाही." मी आग्रह धरला नाही. धरायला हवा होता.

त्यानंतर मी दिवाळीला घरी जाणं बंद केलं. आई गेली ती एका ऑक्टोबरात. तेव्हाही शेंगा वाळत होत्या, म्हणून तेरावा झाल्यावर चौदाव्या दिवशी मी प्लॉटवर होते. वहिनी म्हणाली, "तुझं सोयाबीन तरी सुखी असू दे."

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण सगळी एकसारखी होती. हिरव्या झाडांचा पुन्हा चांगल्या वाणाशी संकर, पुन्हा पेरणी, पुन्हा रोगाची वाट, पुन्हा निवड. लोळणारी झाडं काढली, काळ्या दाण्यांची काढली, शेंगा फुटणारी काढली. दर पिढीत शेकडो झाडं उपटून फेकायची आणि चार-पाच ठेवायची. बोलायला कोणी नसायचं, मग मी झाडांना त्यांच्या नंबरांनी हाका मारायची. बिमार तास धुऱ्यापासून लांब, प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला नेले. कोणी सांगितलं नव्हतं, मीच नेले. टेंभरेभाऊंनी त्या वावरात सोयाबीन पुन्हा पेरलं नाही, तूर लावली. धुऱ्यावरून जाताना ते खाली पाहून जायचे. मीही वहीत डोकं घालायची. डबे थांबले, आमंत्रणं थांबली. गावातलं दुसरं कोणीही येईना. टेंभऱ्यांच्या शब्दाला गावात वजन होतं, आणि ते माझ्याबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलत नव्हते. लोकांनी त्यातून काय ते समजून घेतलं.

एका जानेवारीत दुपारी मी प्लॉटवर असताना खालच्या वाटेनं एक अंत्ययात्रा गेली. सुकवाराबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "अनुसयाबाई गेली." मी खुरपं हातात धरून उभी राहिले. शंभर पावलांवर लोक चालले होते. टेंभरेभाऊ पुढे होते. मला जाता आलं असतं. मी गेले नाही. कोणत्या तोंडानं जाऊ, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटली.

शेवटी एक वाण-ओळ, म्हणजे मान्यतेआधीचा वाण, तयार झाली. पांढरट टपोरा दाणा, सरळ उभं झाड, शेंग न फुटणारी, आणि बिमार तासाच्या मांडीला मांडी लावून हिरवी राहणारी. ती चाचणीसाठी वेगवेगळ्या जिल्ह्यांत गेली. जिथे रोग आला तिथे सगळ्या वाणांत ती एकटी हिरवी होती. पण जिथे रोग नव्हता तिथे तिचं उत्पन्न जरा कमी पडलं. वाण म्हणून तिला मान्यता मिळाली नाही. समितीचं बरोबर होतं, मी असते तर मीही तेच केलं असतं. काही काळानं दुसऱ्या केंद्रावरच्या एका तरुण पैदासकार मुलीचा फोन आला. "मॅडम, तुमची ओळ मी बाप म्हणून वापरली. आता दाणाही भरतोय आणि रोगही नाही." मी तिला अर्धा तास प्रश्न विचारत होते. फोन ठेवल्यावर हे सांगावं असं कोण आहे, याचा विचार केला. सुकवाराबाईला सांगायला तिच्या घरी गेले. ती म्हणाली, "बरं झालं जी," आणि मला मोहाची फुलं भाजून दिली.

२०११च्या उन्हाळ्यात माझी बदलीची ऑर्डर आली. सोयाबीनचा प्लॉट बंद करून ती जमीन धानाच्या प्रयोगांना देण्याचं ठरलं होतं. सामान बांधून झालं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बाराच्या उन्हात मी त्या ओळीचं पायलीभर बियाणं पिशवीत घेतलं आणि टेंभरेभाऊंच्या घरी गेले.

ते अंगणात मांडवाखाली तागाचा दोर वळत बसले होते. केस पार पांढरे झाले होते. मला पाहून त्यांनी हातातला दोर थांबवला नाही. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "भाऊ, त्या वर्षी रोग माझ्याच प्लॉटातून तुमच्या वावरात आला होता. मला तेव्हाच माहीत होतं."

"मालूम आहे," ते म्हणाले.

"केव्हापासून?"

"तवापासूनच. माशी काय कागद वाचून उडते का जी?"

मी म्हणाले, "मग तुम्ही माझ्याशी भांडला का नाहीत?"

त्यांनी दोर मांडीवर ठेवला. "भांडनारच होतो. म्हटलं, बाई आपल्या तोंडानं सांगन, मंग भांडू. तुमी सांगतल्या असत्या तं मोठ्यानं भांडलो असतो, अन् भांडून झाल्यावर चहा पेलो असतो. एक वरीस वाट पाह्यली. दोन वरीस पाह्यली. मंग आदत पडली." दोर पुन्हा हातात घेऊन ते म्हणाले, "घरवाली विचारे, बाई काऊन येत नाई. एकटी रायते, बलावून आना म्हणे. मी म्हणो, येऊ दे तिले आपल्या पायानं."

मी पिशवी खाटेवर ठेवली. "हे बियाणं आता पिवळं पडत नाही."

"मी सोयाबीन पेरत नाई आता." त्यांनी पिशवीत हात घातला, चार दाणे तळहातावर घेऊन उन्हात धरले, आणि परत आत टाकले. "पन राहू द्या. बसा. जेवून जा."

आम्ही ओसरीवर जेवायला बसलो. त्यांची सून वाढत होती, पदर डोक्यावर, चुणचुणीत मुलगी. माझ्या पानात भात वाढता वाढता तिनं सासऱ्यांना विचारलं, "मामाजी, ह्या कोन होत?"

"आपल्या बाजूच्या वावरातल्या बाई होत," टेंभरेभाऊ म्हणाले.

"बाजूच्या?" ती थबकली. "मी या घरात येऊन सात वरीस झाले. मले तं कदी दिसल्या नाई."

भात गरम होता. आम्ही दोघंही खाली पाहून जेवत राहिलो.